इटालियनकडे जाणारी जवळची वाट

परक्या भाषेंतील अवघड शब्द शिकणें सोपें असतें, आणि सोपे शब्द शिकणें अवघड असतें. हें विधान प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल; पण ज्यानें कोणतीही भाषा जाणत्या वयांत शिकली असेल त्यास तें पटल्यावांचून राहणार नाहीं. 'रसायनशास्त्र', 'विमानतळ', 'राज्यघटना' अशा भारदस्त शब्दांना बहुतेक सुधारलेल्या भाषांत एकास एक प्रतिशब्द असतो. कोश उघडावा, शब्द उचलावा, काम झालें. परंतु असणें, होणें, घेणें, मिळणें, कळणें, आवडणें हीं जीं चुलीपुढचीं क्रियापदें, त्यांना असा एकच एक जोडीदार सांपडत नाहीं. मोल्सवर्थ साहेबांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला व त्याची सुधारून वाढविलेली आवृत्ति १८५७ सालीं. त्यांत 'लागणें' हें एक क्रियापद काढून पाहावें, म्हणजे बिचाऱ्या कोशकारास किती कष्ट पडले असतील याची कल्पना येते. भूक लागते, ठेंच लागते, पैसे लागतात, आंबा गोड लागतो, उठावें लागतें आणि मुलगा नोकरीस लागतो. आपल्याला हें सर्व एकच वाटतें. परक्यास मात्र तीं सहा कामें होऊन बसतात.

हा विषय या महिन्यांत सुचण्याचें कारण असें कीं, आमच्या परिचयाच्या एका ओतूरकर कुटुंबांतील नात इटलींतील तुरीन शहरीं वास्तुशास्त्राच्या पुढील अभ्यासासाठीं जाणार आहे. आपल्या मुलुखांतून इटलीस जाणें अगदींच अपूर्व नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत मराठा पलटणी तेथें लढल्या. १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत नाईक यशवंत घाडगे यांनीं प्राणार्पण केलें, आणि त्या वेळच्या अहमदनगर जिल्ह्यांतील निमज गांवचे शिपाई नामदेव जाधव यांनीं ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनियो नदीकांठीं पराक्रम केला. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तीं माणसें बंदूक घेऊन गेलीं; आतांचीं मुलें पुस्तकें घेऊन जातात, ही संतोषाची गोष्ट आहे.

या मुलीनें तयारीसाठीं एक वही केली आहे. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे इटालियन. नामें झालीं, आतां क्रियापदें चालू आहेत. तिचें सर्व शिक्षण इंग्रजी माध्यमांतून झालेलें. मराठी घरांत बोलण्यापुरती. संस्कृत आठवीपासून दहावीपर्यंत घेतलें तें "गुण चांगले पडतात" म्हणून. इटालियनशीं या दोन भाषांचा कांहीं संबंध असेल असें तिच्या स्वप्नींही नाहीं. तिच्या वडील मंडळींच्याही नाहीं. कारण तिच्या धाकट्या भावाला "आतां मराठी उत्तीर्ण होण्यापुरती पुरे, संस्कृतापेक्षां एखादी युरोपियन भाषा घे" असा उपदेश त्याच घरांत चालू आहे. वही पाहिल्यावर आम्हांस वाटलें कीं, ही मुलगी तुरीनला लंडनवरून वळसा घालून चालली आहे. जवळची वाट तिच्या माजघरांतून निघते, आणि ती तिला कोणी दाखविलेली नाहीं. या समजुतीविषयीं आज दोन शब्द लिहावे असा विचार आहे.

प्रथम आवडीनिवडीचें क्रियापद घेऊं. इंग्रजींत 'लाइक' या क्रियापदाचा कर्ता म्हणजे आवड असणारा माणूस. पुस्तक हें कर्म. या वळणानें इटालियन बोलूं गेल्यास पंचाईत होते. इटालियन क्रियापद 'प्याचेरे'. शिकाऊ माणूस 'मी' या अर्थाचा शब्द कर्त्याच्या जागीं ठेवून 'ईओ प्याच्चो' म्हणतो, आणि त्याचा अर्थ होतो "मी लोकांना आवडतों"! ऐकणारा सभ्य असला तर हंसूं दाबतो. शुद्ध रूप 'मी प्याचे'. येथला 'मी' म्हणजे आपला 'मी' नव्हे, तर 'मला'. मला आवडतें. एक ग्रंथ असल्यास 'मी प्याचे', अनेक ग्रंथ असल्यास 'मी प्याच्चोनो'. मला ग्रंथ आवडतो, मला ग्रंथ आवडतात. जें आवडतें तें कर्ता, ज्याला आवडतें त्याची चतुर्थी. संस्कृतांत हेंच 'मह्यं रोचते', आणि आवडणें या अर्थाच्या धातूंच्या योगें ज्यास आवडतें त्याची चतुर्थी करावी, असें पाणिनीनें सांगून ठेविलें आहे.

हें एकच उदाहरण असतें तर योगायोग म्हणून सोडून दिलें असतें. पण 'मी सेम्ब्रा' म्हणजे मला वाटतें, 'मी बास्ता' म्हणजे मला पुरतें, 'मी सेर्वे' म्हणजे मला (कामासाठीं) लागतें. आणखी एक क्रियापद आहे, 'मी मान्का'. घरापासून दूर असलेला इंग्रज घराच्या आठवणीची क्रिया स्वतः करतो. इटालियन माणूस म्हणतो कीं घर मला उणें पडतें. मराठी माणसास "मला घराची उणीव भासते" हें वेगळें शिकवावें लागत नाहीं. परदेशीं गेलेल्या मुलीस या क्रियापदाची गरज फार लवकर पडते. वहींत इंग्रजी शब्दापुढें या पांचांची नोंद केल्यास पांच अपवाद पाठ करावे लागतात. मराठी वाक्यापुढें केल्यास पाठ करण्यास एकही उरत नाहीं.

दुसरें क्रियापद जाणण्याचें. इंग्रजी 'नो' या एका शब्दाला इटालियनमध्यें दोन आहेत, 'सापेरे' आणि 'कोनोश्शेरे'. कोणतें कोठें योजावें यासाठीं त्या मुलीच्या पुस्तकांत दीड पान नियम दिले आहेत. एका संध्याकाळीं ती ओसरीवर ते घोकीत असतां तिची आजी शेजारीं वाल सोलीत होती. आजींना इंग्रजीचा गंध नाहीं, इटालियनचा तर प्रश्नच नको.

"आजी, यांच्याकडे एकाच जाणण्याला दोन शब्द आहेत. लक्षांतच राहत नाहीं बघ."

"अगं, त्यांत काय एवढें? शेजारच्या काकूंना तूं ओळखतेस. त्या आज घरीं नाहींत हें तुला माहीत आहे. आपण तरी दोन्हीला एकच शब्द कुठें वापरतों?"

मुलगी क्षणभर थांबली. मग तिनें विचारलें, "आणि मला पोहायला येतें, त्याचं काय?"

"तें तिसरें झालें. तुझ्या त्या लोकांनीं तें कुठल्या फडताळांत ठेवलं आहे तें आतां तूंच शोध."

आजींनीं दीड पानाचे नियम दोन वाक्यांत सांगितले. माणसाची ओळख, गांवाचा परिचय असेल तेथें 'कोनोश्शेरे'. गोष्ट माहीत असेल तेथें 'सापेरे'. आणि पोहण्यासारखी विद्या 'येते' ती इटालियनांनीं 'सापेरे'च्याच फडताळांत ठेविली आहे. इंग्रजी 'गेट'चीही तीच कथा. पत्र मिळतें, गाडी पकडतां येते, माणूस म्हातारा होतो, घरीं पोंचतो, विनोद समजतो. या सर्वांवर इंग्रजी एकच पांघरूण घालते. मराठी घालीत नाहीं, आणि इटालियनही घालीत नाहीं. म्हणून क्रियापद शोधण्यापूर्वीं "हें मी मराठींत कसें म्हटलें असतें?" एवढा प्रश्न स्वतःस विचारला तर निम्मे काम झालें.

तिसरी गोष्ट मानमर्यादेची. इंग्रजींत राजा, रामा गडी आणि घरांतलें मांजर या सर्वांस एकच 'यू'. इटालियनमध्यें जवळच्यास 'तू' म्हणतात. उच्चार आणि अर्थ दोन्ही आपलेच. आदरार्थी मात्र 'लेई' हा शब्द आहे, आणि त्याचा मूळ अर्थ 'ती'. समोर मिशाळ प्राध्यापक बसले असले तरी त्यांना 'ती' म्हणावयाचें व क्रियापद तृतीय पुरुषी ठेवावयाचें, हें इंग्रजी पढलेल्या मुलांना अत्यंत विचित्र वाटतें. आमच्या वाचक भगिनींना वाटूं नये. "स्वारी आज लवकर आली?" असें कोणास विचारलें जात असे, व तेथें क्रियापद स्त्रीलिंगी कां, हें त्यांना सांगावयास नको. इटालियनमध्यें 'स्वारी'सारखेंच एक स्त्रीलिंगी मानाचें पद होतें, व त्याच्या जागीं येणारें सर्वनाम तें हें 'लेई'. संस्कृत शिकलेल्यास तर आणखी सोपें. 'भवान्' म्हटलें कीं 'गच्छसि' नव्हे, 'गच्छति'. या इवल्याशा सर्वनामानें एकदां राज्यकर्त्यांसही अस्वस्थ केलें होतें. १९३८ सालीं मुसोलिनीच्या राजवटीनें 'लेई' परकी व मिळमिळीत ठरवून तिच्या जागीं 'वोई' योजण्याचा हुकूम सोडला. राजवट गेली, 'लेई' पुनः आपल्या जागीं येऊन बसली. लोकांची जीभ हुकुमानें फार काळ वळत नाहीं.

चौथें, भूतकाळ. तो गेला, ती गेली, ते गेले, त्या गेल्या: 'ए आन्दातो', 'ए आन्दाता', 'सोनो आन्दाती', 'सोनो आन्दाते'. इंग्रजींतील गेलेल्या माणसाच्या क्रियापदावरून तो पुरुष कीं स्त्री हें कळत नाहीं. मराठींत व इटालियनमध्यें कळतें. सकर्मक क्रियापदांतही, कर्म सर्वनामरूपानें आधीं आलें म्हणजे क्रियापद त्याच्या लिंगाप्रमाणें वळतें. ग्रंथाविषयीं 'लो लेत्तो', मीं तो वाचला. चिठ्ठीविषयीं 'लो लेत्ता', मीं ती वाचली. याचें कारण असें कीं दोन्हीकडे हें रूप मुळांत भूतकालवाचक धातुसाधित विशेषण आहे. आपल्याकडे संस्कृतांतील 'गत', 'कृत' या वर्गाचें, तिकडे लॅटिनमधील त्याच प्रकारचें. विशेषण म्हटलें कीं विशेष्याचें लिंग आलेंच.

येथें कोणी विचारील कीं, हीं साम्यें आलीं कोठून? कांहीं साम्यें रक्ताचीं आहेत. इटालियन ही लॅटिनची मुलगी, मराठी ही महाराष्ट्री प्राकृताच्या द्वारें संस्कृताच्या घराण्यांतली, आणि लॅटिन व संस्कृत या एकाच आदिभाषेच्या शाखा. हा सिद्धांत सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्यास मांडला, असें आपण शाळेंत शिकतों. परंतु त्याच्या दोनशें वर्षें आधीं त्याची चाहूल आपल्या गोव्याच्या किनाऱ्यावर लागली होती, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाहीं. फिलिप्पो सास्सेत्ती नांवाचा फ्लॉरेन्सचा व्यापारी १५८३ सालीं मिऱ्याच्या व्यापारासाठीं कोचीनला आला व १५८८ सालीं गोव्यांत वारला. त्यानें मायदेशीं लिहिलेल्या पत्रांत संस्कृत व इटालियन शब्दांचें साम्य नमूद केलें आहे: देव आणि 'दीओ', सर्प आणि 'सेर्पे', सप्त, अष्ट, नव आणि 'सेत्ते', 'ओत्तो', 'नोवे'. आणि ज्या फादर थॉमस स्टीफन्स यांनीं पुढें मराठींत क्रिस्तपुराण रचिलें, त्या इंग्रजानेंही १५८३ सालींच गोव्याहून भावास धाडलेल्या पत्रांत येथील भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिनसारखी असल्याचें लिहिलें. क्रियापदांत तर हें नातें अधिकच उघड आहे. 'दारे' म्हणजे देणें, आपला दा धातु. 'स्तारे' म्हणजे राहणें, स्था धातु. 'मोरीरे' म्हणजे मरणें, मृ धातु. 'कोनोश्शेरे'च्या पोटांत ज्ञा धातु दडला आहे.

याहून मौजेची गोष्ट पुढेंच आहे. संस्कृत 'सप्त' प्राकृतांत 'सत्त' झालें व मराठींत 'सात'. लॅटिन 'सेप्तेम' इटालियनमध्यें 'सेत्ते' झालें. 'अष्ट'चें 'अट्ठ' व 'आठ', 'ओक्तो'चें 'ओत्तो'. संस्कृत 'भक्त' म्हणजे शिजविलेलें अन्न, त्याचें 'भत्त' व मग आपला 'भात'. लॅटिनमधील दुधाचें 'लाक्तेम', त्याचें 'लात्ते', जें आजकाल शहरांतील कॉफीगृहांत मुलें मागवितात. हजारों कोसांच्या अंतरावर दोन लोकसमूहांच्या जिभांनीं जोडाक्षराची गांठ एकाच रीतीनें सोडविली. हें शिकण्यास आम्हां ओतूरकरांना दूर जावयास नको. पश्चिमेस नाणेघाटांत सातवाहन राणी नागनिकेचा सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचा शिलालेख आहे. तो प्राकृतांत आहे, व यज्ञांतील दानांच्या संख्या त्यांत अंकांनीं कोरल्या आहेत. त्याच घाटानें जुन्नरचा माल कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांस उतरत असे, व तेथून समुद्रमार्गें रोमच्या साम्राज्यापर्यंत व्यापार चाले. जुन्नरच्या लेण्यांत तर यवन दात्यांचीं नांवें प्राकृत लेखांत कोरलेलीं आहेत. पश्चिमेचा माणूस येथें येऊन येथील भाषेंत आपलें नांव लिहवून घेत होता, तो काळ आठवावा.

तथापि सत्य तें सर्व सांगितलें पाहिजे. सगळीं साम्यें रक्ताचीं नव्हेत. 'मला आवडतें' ही धाटणी नातें नसलेल्या भाषांतही आढळते. शिवाय आमची वाट कांहीं ठिकाणीं खड्ड्यांत नेते. "मला दोन भाऊ आहेत" असें लॅटिन बोलत असे. इटालियन मात्र इंग्रजीप्रमाणें 'बाळगणें' या अर्थाचें क्रियापद योजते. भूक तर तिन्ही भाषांची निराळी: इंग्रज भुकेला असतो, आपल्याला भूक लागते, इटालियन माणूस भूक बाळगतो, 'ओ फामे'. आपले शब्दयोगी शब्द नामाच्या मागें, त्यांचे पुढें. आपला आकारान्त मुलगा, त्यांची आकारान्त मुलगी. अशा ठिकाणीं इंग्रजीचा आधार घेण्यांत कमीपणा नाहीं. आमचें भांडण इंग्रजीशीं नाहींच. तिनें आम्हांस जग दाखविलें. ती घरांतील एक खिडकी आहे. परंतु खिडकी मिळाली म्हणून दार बुजविणारा गृहस्थ शहाणा म्हणतां येत नाहीं.

आणि दाराशीं किती ओळखीचीं माणसें उभीं आहेत तें पाहा. पोर्तुगीज भाषा ही इटालियनची सख्खी बहीण. १५१० पासून १९६१ पर्यंत ती गोव्यांत राज्य करीत होती, व तिचे शब्द आपल्या घरांत केव्हांच रुळले. आपली 'चावी' इटालियनमध्यें 'क्यावे', 'पाव' हा 'पाने', 'साबण' हा 'सापोने', 'बटाटा' हा 'पाताता'. नोकरदारांच्या जिव्हाळ्याचा 'पगार' हा तर मुळीं क्रियापदच. पोर्तुगीज 'पगार' म्हणजे देणें चुकविणें, इटालियन 'पागारे'. ज्या घरांत रोज हे शब्द उच्चारले जातात त्या घरांतील मुलीनें ते शेकडों कोस दूरचे समजून घोकावे, याचें वाईट वाटतें.

वाईट शब्दांचें वाटत नाहीं. त्यामागील समजुतीचें वाटतें. मातृभाषा ही जिन्याची पहिली पायरी, वर चढल्यावर तिचें काम संपलें, असें सुशिक्षित घरांत मानलें जाऊं लागलें आहे. मुलें तसेंच मानतात, आणि घरांतील वृद्ध स्त्रियांना वाटूं लागतें कीं नातवंडांच्या अभ्यासांत आपल्याला बोलण्यासारखें कांहीं उरलें नाहीं. ओसरीवरच्या त्या आजींना आपण नातीस कांहीं शिकविलें हें ठाऊकही नाहीं. एकच भाषा मापदंड झाली म्हणजे तिच्यांत जें वेगळें दिसत नाहीं तें वेगळें आहे हेंच कळेनासें होतें. ओळखणें व माहीत असणें यांतला भेद मुलीला येत होता, पण तो आपल्याला येतो हें इंग्रजी वहीनें तिला विसरविलें होतें. पुढें तिच्या मुलांना तो येणारही नाहीं. हें नुकसान कोणत्याही गुणपत्रिकेंत दिसणार नाहीं.

म्हणून पालकांस आमचें सांगणें इतकेंच. मुलांना युरोपियन भाषा अवश्य शिकवा. पण त्यासाठीं संस्कृत काढून घेऊं नका, आणि मराठी उत्तीर्ण होण्यापुरती ठेवूं नका. वहीला तीन रकाने करा. पहिल्यांत सुटा शब्द नको, घरांत बोलतों तसें पूर्ण मराठी वाक्य लिहावें. दुसऱ्यांत तें वाक्य नव्या भाषेंत. तिसऱ्यांत, नातें असल्यास, संस्कृत धातु. इंग्रजी शब्द हवा असल्यास समासांत लिहावा. रोज पांच वाक्यें पुरेत, आणि तीं घरांतील एखाद्या वडीलधाऱ्यापुढें वाचून दाखवावीं. त्या मुलीनें गेल्या पंधरवड्यापासून अशी दुसरी वही घातली आहे. आजी वाक्यें पुरवितात, तीं बहुधा स्वयंपाकाचीं असतात. तिकडे एकटीनें राहावयाचें असल्यामुळें तींच अधिक उपयोगीं पडतील.

ज्या घरांत कोणी इटालियन शिकत असेल त्यांनीं 'लागणें' या क्रियापदाचीं आरंभीं दिलेलीं सहा वाक्यें त्या भाषेंत करून पाहावीं. दोहोंचीं उत्तरें या लेखांतच आहेत. उरलेलीं चार ज्यांना साधतील त्यांनीं तीं आम्हांस अवश्य कळवावीं. पुढील अंकीं त्यांचा विचार करूं.